मंगळवारची चाचणी

मंगळवार, ३ सप्टेंबर

नवं इशारायंत्र आज रेडिओ स्टेशनवर बसवलं. जुन्याने अकरा वर्षं इमानेइतबारे काम केलं, शेवटचं वर्षभर मात्र नुसतं तापायचं काम केलं. नवं काळं, चपटं आहे, पावाच्या ट्रेएवढं. लाट येवो, वादळ येवो, हवामान खात्याचा संदेश आला की हे चालू कार्यक्रम मधेच तोडून स्वतःच बोलायला लागतं. माणसाची गरज नाही. तरी मुख्य तंत्रज्ञ म्हणून मी आहेच.

पास्टरनी यंत्राला आशीर्वाद दिला. यंत्र मोठं असेल असं त्यांना वाटलं होतं, त्यामुळे प्रार्थना मोठी तयार करून आणली होती. डुक्कर भाजलं होतं ते गार झालं.

पासवर्ड माहितीपुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलाय. त्याच पानावर खाली लिहिलंय की तो ताबडतोब बदला. आता कंपनीने विचार करून एक शब्द दिला, तो लगेच बदलायचा म्हणजे पाहुण्याने आणलेली चटई त्याच्यासमोर शेजाऱ्याला देऊन टाकण्यासारखं झालं. आमच्यात असं करत नाहीत. शिवाय आमचे तीन निवेदक एकापेक्षा एक विसरभोळे. म्हणून मी तो पिवळ्या चिठ्ठीवर ठळक लिहिला आणि यंत्राच्या कपाळावर चिकटवला.

मातालोआ गावाहून आक्का आली होती. सालाफाई आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिने सगळ्यांना यंत्रामागे उभं करून फोटो काढला. "पेनी, बाजूला सर. चिठ्ठी झाकली जातेय. तुझ्या अक्षरासाठी आईने किती छड्या मोडल्या, दिसू दे की लोकांना."

मी सरलो. बहिणीला नाही म्हणायचं नसतं, हे मला चालायच्या आधी शिकवलंय.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

आक्काने फोटो फेसबुकवर टाकला. चारशे बारा लोकांना आवडला. ऑकलंडचे, युटाचे, अँकरेजचे सगळे नातेवाईक, आणि काही अशी माणसं की ज्यांच्या नावाची लिपीसुद्धा मला वाचता येत नाही. त्यातल्या एकाने विचारलं, "छान यंत्र. कुठलं मॉडेल?" आक्काने मला फोन करून विचारलं आणि त्याला सविस्तर कळवलं. परक्या माणसाने आस्थेने चौकशी केली तर उत्तर द्यायला नको?

चार जणांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

मंगळवार, १० सप्टेंबर

आठवड्यातून एकदा यंत्राची चाचणी करून वहीत सही करावी लागते. रेडिओवर तीनदा घर्र वाजतं, बास. पण मंगळवारी चर्चमध्ये गाण्याची तालीम असते. पांढरा रविवार, म्हणजे चर्चमधला पोरांचा सण, महिन्यावर आलाय आणि खर्जात आम्ही दोघेच, त्यातला एक मी. म्हणून यंत्राला इंटरनेटची तार जोडली. आता तालमीत बसल्या बसल्या फोनवरून चाचणी होते. आज दुसऱ्या कडव्यानंतर केली. माझ्यामागे बसलेल्या पास्टरना पत्ता लागला नाही. प्रगती म्हणतात ती हीच.

रात्री आक्काचा फोन. तिची सासू सिउला आजी, वय चौऱ्याऐंशी, रेडिओवर स्तोत्रं ऐकत होती. "तुझ्या त्या घर्र घर्रने स्तोत्राचा मुडदा पडला म्हणते. तुला एक शिवी दिलीय. सांगू?"

"राहू दे, आक्का."

तरी सांगितली.

सोमवार, १६ सप्टेंबर

मुख्य भूमीवरून सरकारी पत्रक आलं. देशातली बरीच इशारायंत्रं उघडी पडली आहेत, कारखान्याचा पासवर्ड त्वरित बदला, यंत्र थेट इंटरनेटला जोडू नका, असं बरंच. भाषा उद्धट आहे. 'वाचलेली पत्रं' या फायलीत लावलं.

बुधवार, १८ सप्टेंबर

आक्काची मुलगी एसेता स्टेशनवर आली. होनोलुलूला शिकून आता इथल्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर बघते. तिने आपल्या फोनवर काहीतरी खुडबुड केली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला.

"मामा, हे काय आहे?"

माझंच यंत्र. तिच्या फोनात.

"हे कुणालाही दिसतं, मामा. जगात कुणालाही. आणि आत जायला लागतो तो शब्द कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतो."

मी म्हणालो, "बाई गं, हा समुद्र बघितलास? इथे विमान यायचं तर आठवड्यातून दोनदा येतं. आपल्याला कोण शोधायला बसलंय? आणि बेटावरची निम्मी माणसं आपल्या नात्यातली. ती काय आपल्याच रेडिओवर खोटी लाट आणतील?"

"शोधायला माणूस लागत नाही, मामा. मशीन शोधतं."

"मग मशीनला काय पडलंय?"

तिने कपाळाला हात लावला. आजकालच्या मुलांना उत्तर सुचलं नाही की असं करतात. पांढऱ्या रविवारनंतर बदलू, असं मी सांगून टाकलं. तेव्हा मला जरा मोकळा वेळ असेल.

रविवार, २२ सप्टेंबर

जसं घडलं तसं लिहितो.

दुपारी एक वाजता, सगळं बेट जेवायला बसलेलं असताना, रेडिओ तोडून यंत्र बोललं. त्सुनामीचा इशारा. पहिली लाट वीस मिनिटांत. उंच जागी पळा.

वाढलेली पानं तशीच टाकून लोक पळाले. मातालोआ तर पाण्याला खेटूनच आहे. गावामागे टेकडीच्या एकशे चाळीस पायऱ्या आहेत, दोन हजार नऊच्या लाटेनंतर बांधलेल्या. लेफाऊ दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्याने, आपल्या आईला पाठीवर घेतलं. साठाव्या पायरीवर त्यांचा पाय घसरला. सिउला आजीची नडगी मोडली.

लोक तीन तास वर बसले. समुद्र ताटासारखा शांत होता.

संदेशाचा शेवट मी नंतर स्टेशनवर पुन्हा ऐकला. मशीनच्या त्याच सपाट आवाजात शेवटचं वाक्य होतं: "पोहण्याचा आनंद घ्या."

हवामान खात्याने असं काही पाठवलंच नव्हतं.

सोमवार, २३ सप्टेंबर

एसेताने यंत्राची नोंद उघडली. रविवारी बारा वाजून एकावन्न मिनिटांनी कुणीतरी बाहेरून आत आलं. पासवर्ड पहिल्याच प्रयत्नात बरोबर. म्हणजे चोर हुशार असावा.

हे मी एसेताला बोलून दाखवलं. ती खुर्ची ओढून यंत्रासमोर बसली आणि पिवळ्या चिठ्ठीकडे बघत राहिली.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

सिउला आजीला घरी सोडलं. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. पलंग खिडकीशी, तिथून समुद्र पंधरा पावलं. मी केळ्यांची फणी घेऊन गेलो. दाजींनी मला बस म्हटलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

आजी मात्र बोलली. "पेनी, ऐक. तुझं डबडं आता घसा फुटेस्तोवर बोंबललं तरी मी या पलंगावरून हलायची नाही. आणि मी नाही हलले तर लेफाऊ हलणार नाही. तो नाही हलला तर तुझी बहीण कुठे जाणार? तेव्हा आता तूच बघ."

आक्का दारात उभी होती. तिने माझ्या हातातली फणी घेतली आणि आत गेली.

बसमध्ये दोन पोरी कुजबुजत होत्या. तिसरी मोठ्याने म्हणाली, "पोहण्याचा आनंद घ्या!" सगळी बस हसली. ड्रायव्हरही. उतरताना मीच सगळ्यांची माफी मागितली, कशाची ते मलाही नीट कळलं नाही.

रविवार, २९ सप्टेंबर

दोन हजार नऊच्या लाटेत माझी बायको तालिता गेली, त्याला आज पंधरा वर्षं झाली. त्या सकाळी आमच्या गावात काहीच वाजलं नव्हतं. ती किनाऱ्यावर भांडी घासत होती.

त्यानंतर मी टेलिफोन खातं सोडून रेडिओत आलो. लोकांना वाटतं, पगारासाठी.

सोमवार, ३० सप्टेंबर

एसेता पुन्हा आली. तिने आक्काचा फोटो मोठा करून दाखवला. पिवळी चिठ्ठी, माझं अक्षर, एकेक अक्षर मोत्यासारखं. खाली मॉडेल विचारणारा तो माणूस, आणि त्याला आक्काने दिलेलं सविस्तर उत्तर.

मी बराच वेळ बघत बसलो. मग म्हणालो, "फोटो काढून टाकायला सांग. पण का ते सांगू नकोस."

"मामा, आईला कळायला नको?"

"फोटो तिचा, पण चिठ्ठी माझी ना? तार मी जोडली. पत्रक मी फायलीत लावलं. तुला पांढऱ्या रविवारची तारीख मी दिली. तिच्या वाट्याला काय येतं? काहीच येत नाही."

एसेता रडायला लागली. मीही थोडा रडलो. स्टेशनवर जाहिराती लागल्या होत्या, कुणाच्या लक्षात आलं नाही.

बुधवार, २ ऑक्टोबर

ठरलं. शनिवारी मी लेफाऊ दाजींच्या दारात इफोगाला बसणार. घराण्याची बारीक विणीची चटई डोक्यावर घेऊन उजाडायच्या आधी जमिनीवर बसायचं, आणि घरचा कर्ता बाहेर येऊन चटई उचलेपर्यंत हलायचं नाही. त्याने उचलली तर माफ केलं. नाही उचलली तर त्याची मर्जी. पूर्वी काही जण जिवंत उठलेच नाहीत म्हणतात. आपण होऊन मात्र कुणी उठत नाही. आपण उठलो की माफी आपणच मोडली, मग ती सात पिढ्या निस्तरा.

पास्टर म्हणाले, "पेनी, यंत्राच्या चुकीसाठी इफोगा? असं कुणी केलेलं नाही."

मी म्हणालो, "यंत्राला कसं बसवणार? त्याला गुडघे कुठायत?"

अडचण एकच. आमच्या घराण्याची चांगली चटई आक्काकडे असते. म्हणजे जिच्या दारात बसायचं तिच्याकडूनच चटई मागायची.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

संध्याकाळी एसेता प्लास्टिकच्या पिशवीत चटई घेऊन आली. आईचा निरोप असा: "कुणी दिली ते सांगू नकोस. आणि घडी नीट उलगड, कोपरा जुना आहे."

म्हणजे आक्काला सगळं माहीत आहे. फोटोचंही.

मग आम्ही दोघांनी यंत्राचं काम केलं. बैल गेला आणि झोपा केला, पण केला. इंटरनेटची तार मी माझ्या हाताने उपटली आणि गुंडाळून खिशात घातली. आता यंत्राला फक्त हवामान खात्याचा आवाज ऐकू येतो. पिवळी चिठ्ठी जाळली. नवा पासवर्ड मी एकट्याने घातला, एसेता भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मी तालिताचं नाव घालणार होतो. एसेता भिंतीकडे बघतच म्हणाली, "मामीचं नाव नको हं, मामा. चोर घरच्यांची नावं आधी घालून बघतात."

मग दुसरं घातलं. तिचं नाव कुठेतरी रोज घ्यायला मिळालं असतं, ते राहिलं.

शनिवार, ५ ऑक्टोबर

आता रात्र झालीय. टेकडीवरच्या शाळेत आहोत. एसेताच्या वहीचा कागद घेऊन लिहितोय.

पहाटे साडेचारला बसलो. चटईखाली अंधार होता, नारळाच्या तेलाचा आणि आईच्या पेटीचा वास होता. कोंबडे आरवले, लोक उठले, माझ्याभोवतीने पावलं गेली. दाजी बाहेर आले, उभे राहिले, आत गेले. उजाडलं. उन्ह चढलं. घाम नाकावरून टपकत होता. आत आजीचा रेडिओ स्तोत्रं गात होता. मी मनातल्या मनात खर्ज लावत होतो.

सव्वानऊच्या सुमाराला स्तोत्र तुटलं. घर्र, घर्र, घर्र. मग तो सपाट आवाज. दक्षिणेला समुद्राखाली मोठा भूकंप. त्सुनामीचा इशारा. पहिली लाट पन्नास मिनिटांत.

आमच्या पायाखाली काही हललं नव्हतं. फार लांबचा भूकंप असणार.

घरात कुणीतरी फस्सकन हसलं. दाजींचा आवाज आला, "घ्या, सुरू झालं परत. आणि हा इथे दारात बसलाय!" अंगणापलीकडून शेजारी ओरडला, "पोहण्याचा आनंद घ्या!" सगळी आळी हसली. आजी म्हणाली, "बंद करा रे ते." आणि रेडिओ बंद झाला.

मी चटईखाली होतो. तार माझ्या खिशात होती. मांडीला टोचत होती. म्हणजे या वेळी यंत्र खोटं बोलणं शक्य नव्हतं. मग मनात आलं, संदेश जिथून येतो त्या हवामान खात्यात कुणी पेनीसारखाच असेल तर? त्यानेही चिठ्ठी लावली असेल तर? एक कडवं म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा मी हा विचार केला. खोटं कशाला लिहू, हाही विचार केला की उठलो तर सात पिढ्या. आणि मला तर पिढीच नाही.

मग तालिता आठवली. भांडी घासणारी.

मी उठलो.

चटई खांद्यावर तशीच होती. पायाला मुंग्या आल्या होत्या त्यामुळे पहिलं पाऊल वाकडं पडलं. दाजी दारात आले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या थाळीत थुंकलोय.

"बसा खाली," ते म्हणाले. तीस वर्षं 'अरे पेनी' म्हणणारा माणूस.

"दाजी, नंतर मारा. लाट खरी आहे. यंत्राची तार मी काढलीय, ही बघा." मी खिशातून तार काढून दाखवली. तारेचं कुणाला काय कळणार! कुणी हललं नाही.

आतून आजी ओरडली, "कोण बोलतंय ते? पेनी? तो उभाय?"

आक्का म्हणाली, "हो. उठलाय."

"आपण होऊन? लेफाऊने न उचलता?"

"हो, आई."

आजी म्हणाली, "मग खरी आहे. इफोगातून कुणी गंमत म्हणून उठत नाही. बघत काय बसलात मुडद्यांनो, उचला मला!"

आणि मग मातालोआ हललं. स्ट्रेचर नव्हतं. आक्काने माझ्या खांद्यावरची चटई ओढली, जमिनीवर अंथरली. आजीला तीत घातलं, चार कोपरे चौघांनी धरले. पुढे दाजी आणि मी, मागे एसेता आणि तो हसणारा शेजारी. एकशे चाळीस पायऱ्या. साठाव्या पायरीवर दाजी थांबले, म्हणाले, "हीच ती." मग पुढे. शंभराव्याला जुना कोपरा फाटला, माझाच. मी आजीचं प्लास्टर छातीशी धरलं. तिने पूर्ण रस्ताभर मला शिव्या दिल्या. त्यातल्या दोन मला नव्या होत्या.

लाट दहा वाजून आठ मिनिटांनी आली. वरून बघितली. फार उंच नव्हती, पण थांबतच नव्हती. दाजींचं स्वयंपाकघर गेलं, होडी गेली, पुढचे दोन खांब गेले. आजीचा पलंग बाहेर आला आणि नीरफणसाच्या फांदीत जाऊन अडकला, गादीसकट.

गावात एकशे त्र्याण्णव माणसं. पास्टरनी मोजली. मग दाजींनी मोजली. मग मी मोजली. एकशे त्र्याण्णव.

रविवार, ६ ऑक्टोबर

चिखल काढला. प्रार्थना शाळेतच झाली. खर्ज बरा लागला.

दाजी माझ्याशी बोलत नाहीत. बरोबरच आहे. इफोगा मी मोडलाय. लाट आली म्हणून ते मिटत नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर

पहाटे पुन्हा बसलो. घर नाही, म्हणून शाळेच्या दारात. फाटका कोपरा नेमका नाकावर आला आणि उजाडल्यावर त्या भोकातून उन्ह थेट डोळ्यात.

या वेळी पाच मिनिटंही झाली नसतील. चटई उचलली गेली. दाजी होते. त्यांनी भाषण तयार केलं असावं, कारण घसा खाकरला. पण मग त्यांचं तोंडच वाकडं झालं, डोळे भरले, आणि ते एवढंच म्हणाले, "अरे पेनी, ऊठ रे. कोको गार होतोय."

मी उठलो. या वेळी पायाला मुंग्या आल्या नव्हत्या.

खायला बसलो. टिनचं मांस, तारोचे कंद, एसेताने तळलेल्या पुऱ्या. आक्का माझ्या शेजारी बसली. सगळ्यांदेखत विचारलं, "पेनी, पासवर्ड बदललास ना?"

"बदलला, आक्का."

"काय ठेवलास?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एसेताने खाणं थांबवलं. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. या बाईने मागितलं आणि मी दिलं नाही असं आजवर एकदाही झालेलं नाही. लहानपणी तिने माझी चप्पल मागितली, मी अनवाणी शाळेत गेलो.

"नाही सांगणार, आक्का."

दाजींचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. पास्टरनी खाली बघितलं.

आक्का माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आपल्या पानातला मांसाचा मोठा तुकडा उचलून माझ्या पानात ठेवला.

"आईच्या छड्या वाया नाही गेल्या," ती म्हणाली.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

साप्ताहिक चाचणी केली. स्टेशनवर, यंत्रासमोर उभं राहून, बोटाने बटण दाबून. वहीत सही केली. तालमीला पोचलो नाही. खर्जात एकच माणूस होता, तो माझ्यावर चिडलाय.

रात्री आक्काचा फोन. चाचणीची घर्र घर्र वाजली तेव्हा सिउला आजी शाळेच्या वऱ्हांड्यात स्तोत्रं ऐकत होती. तिने आपली काठी घेतली, प्लास्टरचा पाय ओढत अंगण ओलांडलं आणि वरच्या जंगलाकडे जाणाऱ्या पायऱ्यांपाशी जाऊन बसली.

आक्का धावत गेली. म्हणाली, "आई, ही नुसती चाचणी आहे. मंगळवारची."

आजी म्हणाली, "माहीत आहे."